दिवाणखान्यातला अष्टपाद

पाळीव प्राणी आणि पोटभाडेकरू यांच्यात फरक एवढाच, की प्राण्याला आपण हौसेनं घरात घेतो. ऑक्टोपस हा या दोहोंच्या मधला प्रकार असावा, असं माझं मत ‘द ऑक्टोपस इन माय हाउस’ हा बीबीसीचा २०१९ सालचा माहितीपट पाहिल्यापासून झालं आहे.

आपण दिवाणखान्यात जिथे शोकेस ठेवतो आणि तीत लग्नात आलेले, अद्याप न फुटलेले कपबशांचे सेट मांडतो, तिथे अलास्कातल्या डेव्हिड शील या प्राध्यापकांनी खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी बसवली आणि तीत हायडी नावाची ऑक्टोपसबाई आणून सोडली. घरात माणसं दोन, ते आणि त्यांची वयात आलेली मुलगी. पण चित्रपटभर नजर ठरते ती हायडीबाईंवरच.

आणि का ठरू नये? तीन हृदयं, निळं रक्त, सुमारे ५० कोटी मज्जापेशी आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश हातांत! म्हणजे आठही हातांना आपापली अक्कल. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही आठ सभासद आहेत. पण तिथे ही सोय नाही. शिवाय अंगात हाड नाही. चोचीपुरती फट मिळाली की बाकीचं अंग मागून येतंच. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी २०१६ साली असाच टाकीबाहेर पडला आणि सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्राला मिळाला. निरोप वगैरे काही नाही.

चित्रण सुरेखच आहे. हायडी झोपलेली असताना तिच्या अंगावरून रंग सरकत जातात, तो प्रसंग तर पुन:पुन्हा पाहावा असा. प्राध्यापक म्हणतात, तिला स्वप्न पडत असेल, तर त्यात तिनं खेकडा पकडला असावा. यातलं ‘असेल तर’ फार मोलाचं, बरं का! ऑक्टोपसची झोप कधी शांत असते, कधी चळवळी, हे २०२१ आणि २०२३ सालच्या संशोधनांत दिसून आलं. स्वप्नाचं मात्र कुणी तिला अजून विचारून आलेलं नाही.

माझी तक्रार इथेच आहे. माणसं ओळखते का? हो. खेळते का? हो. स्वप्नं पाहते का? बहुधा. झालं, मुलगी पसंत! आपल्यासारखी असेल तरच तिचं कौतुक, असा हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम वाटतो. वास्तविक तिचं घराणं आणि आपलं घराणं ५० कोटी वर्षांहून आधी वेगळं झालं. आपल्याला एका शब्दानं न विचारता तिनं अक्कल कमावली, हे खरं नवल.

चित्रपट पाहून कुणी टाकीचे भाव विचारायला निघाला असेल, तर त्यानं घटकाभर बसावं. या जातीचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं. त्यातला एकेक दिवस दगडांच्या कपारी धुंडाळण्यासाठी घडलेल्या या बुद्धीला टाकीचे चार कोपरे किती वेळ पुरणार? हायडी मठ्ठ असती, तर हा प्रश्नच आला नसता. पण ती किती हुशार आहे हे चित्रपट जसजसं पटवून देतो, तसतशी ती भलीमोठी टाकी लहान लहान दिसू लागते.

चित्रपटाचं यश म्हणाल तर हेच. आणि अडचण म्हणाल तर तीही हीच.