सायकलस्वार आणि जैतुनाचें झाड

प्रवासवर्णन लिहिणारा कोणत्या वाहनांतून हिंडला, हें त्याच्या ग्रंथाचीं चार पानें वाचतांच चाणाक्ष वाचकाच्या ध्यानांत येतें. आगगाडींतून पाहिलेल्या देशांत शहरें असतात, पण दोन शहरांमधला रस्ता नसतो. मोटारींतून पाहिलेल्या देशांत रस्ता असतो, पण चढ नसतो. पायीं चालणाऱ्याला रस्ता, चढ, धूळ आणि माणसें हीं सारीं भेटतात. मात्र त्याचा दिवसाचा मुलूख फार थोडा. या सर्वांच्या मधली जागा सायकलीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें वाहन मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आलें आणि इंग्रजी वाङ्मयांत प्रवासवर्णनाची एक नवी शाखा फुटली. तिच्यांतील दोन ग्रंथांचा येथें विचार करावयाचा आहे. दोन्ही ग्रंथ अमेरिकन दांपत्यांनीं लिहिलेले आहेत आणि दोहोंतील वाट दक्षिण युरोपांतील जैतुनाच्या मळ्यांतून व जुन्या इतिहासप्रसिद्ध नगरांतून जाते.

जैतून हें नांव आपल्याकडे बायबलाच्या मराठी भाषांतरामुळें परिचित झालें. ऑलिव्ह म्हणतात तें हेंच झाड. त्याचें पान वरून करडें-हिरवें व खालून रुपेरी असतें, त्यामुळें वाऱ्याची झुळूक आली म्हणजे सबंध टेकडी रंग पालटते. चित्रकारांना आणि प्रवाशांना या झाडानें भुरळ घातली यांत नवल नाहीं. परंतु हे मळे आपोआप उगवलेले नसतात. झाड लावावें लागतें, वर्षानुवर्षें छाटावें लागतें, आणि ऐन थंडींत त्याचें फळ काठ्यांनीं झोडपून वा हातांनीं ओरबाडून उतरवावें लागतें. म्हणून जैतुनाचा प्रदेश ही प्रवासलेखकाची मोठी कसोटी आहे. झाड त्याला दिसणारच. झाडाखालचा माणूस दिसतो कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

पहिला ग्रंथ जोसेफ व एलिझाबेथ पेनेल या दांपत्याचा. दोघेंहि फिलाडेल्फियाचीं, तो चित्रकार, ती लेखिका. १८८४ सालीं त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षीं तीं फ्लॉरेन्सहून रोमकडे निघालीं. त्यांचें वाहन म्हणजे दोघांनीं मिळून पायडल मारावयाची तीन चाकांची जोडसायकल. डनलॉपचे हवेचे टायर निघाले १८८८ मध्यें. तेव्हां भरीव रबराच्या धांवेवर, डोंगराळ रस्त्याचा प्रत्येक दगड हाडांत मोजीत हा प्रवास झाला. त्याचें वर्णन ‘टू पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या नांवानें १८८६ मध्यें प्रसिद्ध झालें. हें नांव बनियनच्या ज्या ग्रंथावरून घेतलें आहे, तो हरि केशवजींनीं ‘यात्रिक क्रमण’ म्हणून १८४१ मध्यें मराठींत आणला होता, हें जाणत्या वाचकांस स्मरत असेल.

या ग्रंथाचा मुख्य गुण म्हणजे लेखिकेची स्वतःकडे पाहून हंसण्याची वृत्ति. एंपोली, सिएना, मोंटेपुल्चानो, पेरूजिया, असिसी अशीं एकाहून एक जुनीं नगरें वाटेंत येतात. पण प्रत्येक नगराच्या वेशींत शिरतांना प्रेक्षणीय वस्तु ठरतात तीं हीं दोघेंच. पोरें मागें धांवतात, खाणावळींतलीं माणसें दारांत येऊन उभीं राहतात, आणि तीन चाकांच्या या अजब यंत्राभोंवतीं घोळका जमतो. पाहावयास आलेल्यानेंच आपण पाहिले जात आहों हें मान्य करावें, हा प्रवासलेखनांतील दुर्मिळ प्रामाणिकपणा होय. याच प्रामाणिकपणाचें दुसरें उदाहरण पेरूजियाच्या प्रकरणांत आहे. त्या वाटेवर त्यांनीं कांहीं अंतर आगगाडीचा आधार घेतला आणि तें लपविलें नाहीं. प्रकरणाच्या मथळ्यांतच घातलें. पराक्रमाची हौस असलेल्या लेखकाला हें साधलें नसतें.

तरी उणीव राहतेच. ज्या टेकड्यांचीं जोसेफ पेनेलनें चित्रें काढलीं, त्या टेकड्यांवरचा शेतकरी पुष्कळ ठिकाणीं जमिनीचा मालक नव्हता. तस्कानीमध्यें अर्ध्या वाट्याची पद्धति होती: तेल, द्राक्षरस, धान्य, सर्वांचा अर्धा भाग जमीनदाराच्या घरीं जाई. ही पद्धति इतकी चिवट निघाली कीं, नव्या करारांना कायद्यानें बंदी झाली ती १९६४ मध्यें. द्राक्षवेलींच्या रांगा, मधून जैतून, टेकडीच्या माथ्यावर एक घर, हें जें दृश्य पाश्चात्य रसिकांना स्वर्गीय वाटतें, तें या वांटणीनेंच घडविलेलें होतें. एलिझाबेथबाई वाटेंतल्या शेतकऱ्याशीं बोलतात, त्याचें कौतुक करतात. परंतु त्याच्या दारांतलें अर्धें तेल कोठें जातें, हें विचारावयास थांबत नाहींत.

दुसरा ग्रंथ फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन यांचा. ‘स्केचेस अव्हील इन मॉडर्न आयबेरिया’ हें त्याचें नांव, प्रकाशन १८९७. प्रवास १८९५ मधला, स्पेन देशांतील सुमारें २,८०० मैलांचा. प्रत्येकाच्या सायकलीवर वीस पौंड सामान, दिवसाची सरासरी पंचेचाळीस मैल आणि प्रसंगीं ऐंशी. आंकडे मीं हेतुपुरस्सर दिले आहेत, कारण या दांपत्याच्या लेखनाचा आत्मा आंकड्यांत आहे. फॅनीबाईंचें धैर्य निःसंशय असामान्य होतें. स्त्रीनें सायकलीवर बसावें कीं नाहीं याची चर्चा चालू असतांना या बाईंनीं देशच्या देश पालथे घातले व पुढें हिमालयांतील शिखरें चढून दाखविलीं. हें श्रेय कोणीहि टीकाकार त्यांच्याकडून हिरावून घेऊं शकणार नाहीं. मात्र धैर्य हा प्रवाशाचा गुण आहे. लेखकाचा गुण निराळा. सायकल पाहून खेचरें बुजतात व खेचरवाले संतापतात, असे प्रसंग येतात तेव्हां खेचरवाला हा निव्वळ वाटेंतला अडथळा ठरतो. त्याच्या खेचराच्या पाठीवर काय होतें, आणि तें रस्त्यावर सांडलें तर त्याच्या घरीं काय झालें असतें, हा विचार त्यांच्या लेखणीला शिवत नाहीं.

वास्तविक स्पेनचा दक्षिण भाग, म्हणजे अँडालुसिया, हा विचार करावयास भाग पाडणारा प्रदेश आहे. एकट्या हाएन प्रांतांत आज जैतुनाचीं सहा कोटींहून अधिक झाडें आहेत. क्षितिजापर्यंत रांगांमागून रांगा, जणूं कोणीं डोंगरावर फणी फिरविली आहे. मोठमोठ्या जमिनी थोड्यांच्या हातीं आणि हंगामापुरती मजुरी करणारे भूमिहीन पुष्कळ, ही तेथली जुनी व्यवस्था. पुरुष लांब काठ्यांनीं फांद्या झोडपीत, बायका गुडघे टेकून गोठलेल्या जमिनीवरचीं फळें वेंचीत. याच प्रांतांतील बाएसा गांवीं आन्तोन्यो माचादो हा कवि १९१२ पासून १९१९ पर्यंत फ्रेंच भाषेचा अध्यापक होता. पायीं हिंडण्याची त्याला आवड होती, आणि तो जैतूनवनांचा प्रदेश त्याच्या काव्यांत कायमचा शिरला. त्यानंतर १९३७ सालीं, यादवी युद्धाच्या धामधुमींत, मिगेल एर्नान्देस यानें हाएनच्या जैतून वेंचणाऱ्यांस उद्देशून एक कविता लिहिली. हा कवि स्वतः बकऱ्या राखणाऱ्याचा मुलगा. हीं झाडें कोणीं वाढविलीं, एवढाच प्रश्न तो त्या मजुरांना विचारतो, आणि उत्तर त्यांच्याच हातांत आहे हें दाखवून देतो. १९४२ मध्यें तो तुरुंगांत क्षयानें मरण पावला; आज त्याची ती कविता हाएन प्रांताचें अधिकृत गीत आहे. ज्या झाडांचें सौंदर्य प्रवाशांनीं पानेंच्या पानें भरून वर्णिलें, त्यांच्याविषयींचा मूलभूत प्रश्न विचारला तो एका गुराख्याच्या मुलानें.

यावर असा आक्षेप येईल कीं, सहलीच्या ग्रंथाकडून अर्थशास्त्राची अपेक्षा कां करावी? आक्षेप विचारार्ह आहे. प्रवासवर्णनानें जमाबंदीचा अहवाल व्हावें असें मीहि म्हणत नाहीं. माझें म्हणणें प्रमाणाविषयींचें आहे. सायकलस्वार लेखक आपल्या श्रमांचें वर्णन मोठ्या रसिकतेनें करतो: चढावर छाती कशी भरून आली, उन्हानें घसा कसा सुकला, रात्रीं पाय कसे ठणकले. हे श्रम त्यानें हौसेनें पत्करलेले असतात. ज्याला हौसेच्या घामाला दहा पानें देतां येतात, त्यानें पोटासाठीं गाळलेल्या घामाला एक वाक्य द्यावें, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. उलट, सायकलीनें त्याला ती दृष्टि दिलेली असते. आगगाडींतल्या प्रवाशाला टेकडीचा उतार केवळ रेषा वाटतो. सायकलस्वाराला तो आपल्या मांड्यांनीं ठाऊक असतो. त्याच उतारावर पाटी घेऊन चढणाऱ्या बाईचें ओझें त्यालाच आधीं समजावयास हवें.

मला स्वतःला ही गोष्ट उशिरां कळली. वर्कमन दांपत्याचा स्पेनवरील ग्रंथ मीं तरुणपणीं वाचला तेव्हां खेचरवाल्यांच्या फजितीवर मनसोक्त हंसलों होतों. पुढें त्यांचाच ‘थ्रू टाउन अँड जंगल’ हा १९०४ चा ग्रंथ हातीं आला. त्याचा विषय आपला देश. येथेंहि सायकल, येथेंहि आंकडे: चौदा हजार मैल, आणि कांहीं दिवशीं तर चाळीस-चाळीस पंक्चरें. न्यायानें सांगावयाचें तर या दांपत्यानें रामायण, महाभारत व जातककथा वाचल्या होत्या, आणि आपल्या प्राचीन शिल्पाविषयींचा त्यांचा आदर खरा होता. परंतु देवळांतल्या दगडी मूर्तीला जो आदर मिळतो, तो देवळाबाहेरच्या जिवंत माणसाला क्वचितच मिळतो. तो बहुधा सोय किंवा गैरसोय या दोनच रूपांत दिसतो. तें वाचतांना मला हंसूं आलें नाहीं. आणि मग लक्षांत आलें कीं, स्पेनमधल्या त्या खेचरवाल्याच्या जागीं आतां मी उभा आहें. लेखकाची दृष्टि तीच होती. फक्त माझी जागा बदलली होती. परक्या देशाविषयींचें पुस्तक वाचतांना आपण नकळत लेखकाच्या खोगिरावर बसतों. टीकाकाराचें पहिलें काम वाचकाला तेथून क्षणभर खालीं उतरविण्याचें आहे.

खोगिरावर बसणारा नेहमीं साहेबच असतो असें मात्र नाहीं. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील तिघे १९२८ मध्यें ती पुरी करून परतले. अदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे ते तिघे. त्यांच्या १९३१ च्या इंग्रजी ग्रंथास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. वाङ्मयीन सफाईंत हा ग्रंथ पेनेलबाईंच्या जवळपास येत नाहीं. परंतु पारतंत्र्यांतील तरुणांनीं पाहण्याचा हक्क स्वतःकडे घेतला, हें त्याचें महत्त्व मोठें आहे. अशा लेखकांकडून आपली अपेक्षाहि मोठी असली पाहिजे. ज्याला आपल्या घरीं परक्यांनीं न्याहाळलें आहे, त्यानें परक्याच्या दारांत उभें राहतांना अधिक जपून पाहावें.

हा प्रश्न जुना झाला असें कोणीं समजूं नये. हाएनहून पुएन्ते हेनीलकडे तेल वाहून नेणारी एक आगगाडी पूर्वीं धांवत असे. ती बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि त्याच मार्गावर आतां सायकलस्वारांसाठीं वाट केली आहे. जुन्या लोखंडी पुलांवरून व बोगद्यांतून, दोन्ही बाजूंच्या जैतूनवनांतून आज देशोदेशींचे हौशी प्रवासी तेथें जातात. आपल्याकडील तरुणहि जातील व परत येऊन लिहितील. त्यांनीं चढ किती होता तें अवश्य लिहावें, सूर्यास्ताचा रंगहि लिहावा. पण ती वाट मुळांत कशासाठीं घातली गेली होती, आणि त्या गाडींतलें तेल कोणाच्या हातांनीं निघालें होतें, एवढें विचारल्याशिवाय लेखणी खालीं ठेवूं नये. त्या एका प्रश्नानें वर्णनाचा रंग फिका होणार नाहीं. झाडाला मात्र मुळें येतील.