‘रन’ दाबलं, उत्तर आलं. पुढे काय?

दिवाळीत नाकाडोंगरीला घरी गेले होते. चुलत बहीण एम.एस्सी.ला आहे, पुढे पीएच.डी. करायची म्हणते. मोबाइलवर तिने सायपायच्या डॉक्युमेंटेशनमधलं ‘कर्व्ह फिट’चं पान उघडलं, उदाहरणाजवळचं ब्राउझरमध्ये चालवून पाहायचं बटन दाबलं आणि बराच वेळ चाक फिरत राहिलं. शेवटी उत्तर आलं तशी म्हणाली, “ताई, चाललं बघ! आता मला कर्व्ह फिटिंग येतं असं समजू ना?”

मला हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच समजले होते. त्याची किंमत पुढे सांगते. आधी या बटनाबद्दल बोलू. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांची कोडिंगशी पहिली भेट अशाच बटनातून होणार आहे.

वाचलेलं उदाहरण जागच्या जागी चालवून बघता यावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याकडे तिचं चांगलं रूप पवईला, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात आहे. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब कोड लिहिले. त्यांना ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ म्हणतात. ‘सायलॅब ऑन क्लाउड’वर विषय, पुस्तक, प्रकरण आणि उदाहरणाचा क्रमांक निवडला की कोड थेट एडिटरमध्ये येतो. आपल्या मशीनवर काहीच टाकायचं नाही. गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं, आपल्याकडे येतं ते फक्त उत्तर. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे रेंज कधी अंगणात मिळते तर कधी गच्चीवर, ही मोठी सोय आहे.

सायपायचं बटन उलट्या पद्धतीने काम करतं. ते पायथॉन, नमपाय, सायपाय असं सगळं बिऱ्हाड तुमच्या ब्राउझरमध्ये उतरवून घेतं आणि गणित तुमच्याच फोनवर करतं. म्हणून ते चाक फिरत होतं. सर्व्हरवर गर्दी झाली म्हणून अडत नाही हा फायदा, पण पहिल्या वेळी डेटा आणि धीर दोन्ही लागतात.

सोय दोन्हीकडे आहे. पण संशोधनाच्या दृष्टीने मी अशा जोडणीला वेगळा प्रश्न विचारते: हे उदाहरण मोडून पाहायला मला मदत होते का?

सायलॅबच्या बाबतीत उत्तर अर्धं ‘हो’ आहे. पुस्तकात छापील उत्तर असतं, त्यामुळे आपलं उत्तर ताडून पाहता येतं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण एडिटरमध्ये कोड असतो, मूळ प्रश्न पुस्तकात असतो. पुस्तक जवळ नसेल तर तो आकडा कशाचा, कुठल्या गृहीतकावर आला, हे कळायला मार्ग नाही. उदाहरणातून एडिटरपर्यंत रस्ता झाला, एडिटरमधून अर्थाकडे परतायचा रस्ता कच्चाच राहिला.

सायपायच्या पानावर स्पष्टीकरण आणि कोड शेजारी-शेजारी आहेत. तिथली अडचण वेगळी. कर्व्ह फिटच्या उदाहरणात २.५, १.३ आणि ०.५ हे तीन आकडे घेऊन घसरत जाणारा वक्र बनवतात, त्यात यादृच्छिक गोंगाट मिसळतात आणि मग तेच आकडे परत शोधतात. पण गोंगाटाचं बीज, म्हणजे सीड, ठरवून दिलेलं नाही. त्यामुळे पानावर छापलेलं उत्तर एक आणि तुमचं दुसरं. नवख्या मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. शिवाय एडिटरमधली आवृत्ती आणि पानावरची आवृत्ती जुळेलच असं नाही. त्याचा अर्थ लक्षात घ्या: सायपायच्या १.१४ आवृत्तीतून ‘इंटरप-टू-डी’ हे फंक्शनच काढून टाकलं गेलं. सीनियरच्या जुन्या कोडमध्ये ते असेल, तर नव्या आवृत्तीत तो कोड सरळ बंद पडतो.

ही केवळ तक्रार नाही. २०१९मध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख ज्युपिटर नोटबुक तपासल्या. ज्या चालवून पाहता आल्या, त्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनाअडथळा चालल्या आणि जेमतेम ४ टक्क्यांमध्ये जतन केलेलंच उत्तर पुन्हा आलं.

आता माझी गोष्ट. माझं काम मँगनीज डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर आहे. आमच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून बॅटरीसाठी निघतं तेच. डिस्चार्जचा वक्र उदाहरणातल्या वक्रासारखाच दिसला, म्हणून मी तोच कोड उचलला आणि मोजमापातली अनिश्चितता ‘सिग्मा’ म्हणून भरली. आलेख सुरेख आला, त्रुटी इवल्याशा. गाइडनी एकच विचारलं, “तुझं मीटर दहापट वाईट असतं, तर ही त्रुटी किती झाली असती?” मी सिग्मा दहापट केला. त्रुटी जराही हलली नाही.

का? ‘ॲब्सोल्यूट सिग्मा’ हा पर्याय मुळात ‘फॉल्स’ असतो. तेव्हा फंक्शन सिग्मांचं फक्त एकमेकांशी प्रमाण बघतं आणि त्रुटी वक्राभोवतीच्या विखुरण्यावरून ठरवतं. ‘ट्रू’ केलं की सिग्मा दहापट झाल्यावर त्रुटीही दहापट होते. हे त्याच पानावर वर लिहिलेलं आहे. पण मी चालवलेल्या उदाहरणात सिग्मा वापरलेलाच नाही. म्हणजे संशोधक जिथे घसरतो, नेमकं तिथेच उदाहरण गप्प आहे. आणि मी? बटन चाललं म्हणून वरचा मजकूर वाचलाच नव्हता. चूक माझीच.

आमच्याकडे पऱ्हे हिरवेगार दिसले म्हणून कोणी पीक आलं असं म्हणत नाही. कस लागतो तो रोवणीनंतर, आपल्या बांधीत. डॉक्युमेंटेशनचं उदाहरण हे पऱ्ह्यासारखं आहे. ते त्याच्या जागी वाढणारच, त्यासाठीच तयार केलेलं असतं.

तर पुढच्या वेळी ‘रन’ दाबल्यावर एवढं करा. आवृत्ती छापून वहीत लिहा. बीज स्वतः ठरवून द्या, म्हणजे तेच उत्तर पुन्हा येईल. मग एकच गोष्ट बदला, पण चालवण्याआधी काय होईल याचा अंदाज लिहा. अंदाज चुकला तर वर जाऊन प्रत्येक पर्यायाचं वर्णन वाचा. एडिटर जोडलेला असण्याचा खरा उपयोग इथे आहे, कारण छापील पान असं छेडता येत नाही.

बहिणीला मी तोच सिग्मा दहापट करायला सांगितला. तिने आधी अंदाज लिहिला: “त्रुटी वाढेल.” पुन्हा चाक फिरलं. उत्तर बघून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग पान वर सरकवून वाचायला लागली.