एकल नृत्याची स्पर्धा

नर्तकास पारितोषिक द्यावयाचें तें कशाकरितां? अंगाच्या लवचिकपणाकरितां, कीं रचनेकरितां? बुलढाणा जिल्ह्यांतील स्नेहसंमेलनांत व गणेशोत्सवांत होणाऱ्या एकल नृत्यस्पर्धा पाहतांना हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो. चित्रपटांतील गाणें लागतें, आणि पडद्यावर दुसऱ्या कोणी बसविलेल्या हालचाली स्पर्धक हुबेहूब करून दाखवितो. टाळ्या पडतात, ढाल मिळते. मूळ रचनाकाराचें नांवही सभागृहांत कोणास ठाऊक नसतें! वाङ्मयांत अशा कृतीस आपण नक्कल म्हणतों. नृत्यांत तिला पहिला क्रमांक देतों.

जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं १९९७ सालीं केवळ एकल नृत्याचा एक महोत्सव सुरू झाला. ही नवोदितांची स्पर्धा. तींत रचनेचीं पारितोषिकें निराळीं आणि नर्तनाचीं निराळीं. हा भेद किरकोळ नव्हे. एखाद्यास रचना सुचते, पण अंग साथ देत नाहीं. दुसऱ्याचें अंग तयार असतें, पण सांगावयास स्वतःचें कांहीं नसतें. दोघांस एकाच मापानें मोजलें कीं चपळ तो जिंकतो आणि विचार करणारा पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवीत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत नृत्याचे प्रकार मुख्यतः दोन: शास्त्रीय नृत्य एकट्यानें करावयाचें, लोकनृत्य समूहानें. शास्त्रीय नृत्यास गुरूजवळ वर्षानुवर्षें बसावें लागतें, आणि तालुक्याच्या गांवीं असा गुरु सहसा मिळत नाहीं. मग लोणारच्या किंवा मोताळ्याच्या एखाद्या मुलीनें स्वतः आठ मिनिटांचें नृत्य रचिलें, तर तिनें तें कोठें न्यावें?

शिस्तीवांचून नवें नृत्य म्हणजे नुसते हातवारे, असा आक्षेप येईल. तो अगदींच पोकळ नाहीं. तसे हातवारे आम्हींही पुष्कळ सोसले आहेत. परंतु मुंबईचे अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांचें उदाहरण पाहावें. बालपणीं कथक, लंडनमध्यें मार्था ग्रॅहॅम यांची पद्धति, पुढें कथकळि, एवढी तालीम घेऊन त्यांनीं यांपैकीं कशाचीच नक्कल नसलेलें नृत्य उभें केलें, आणि तें बहुधा एकट्यानें. संगीत नाटक अकादमीनें १९९५ सालीं त्यांचा गौरव केला. नवें नृत्य तालमीचें वैरी नाहीं, हें सिद्ध करण्यास एवढें पुरे.

सामग्री तर दारींच आहे. शेगांवकडे जाणाऱ्या दिंडींतील पावली नीट न्याहाळावी: शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर कसा जातो, थकलेला वारकरीही ठेका कसा सोडीत नाहीं! फेटा बांधून पावली टाकली म्हणजे नृत्य झालें, असें मात्र कोणी समजूं नये. त्या भाराचें काय करावयाचें, हें रचनाकारानेंच शोधलें पाहिजे.

यास फारसा पैसाही लागत नाहीं. मंडळांनीं एक विभाग स्वतःच्या रचनेसाठीं राखावा, त्यांत चित्रपटगीत वर्ज्य करावें, रचनाकाराचें नांव आधीं पुकारावें, आणि परीक्षकांनीं प्रत्येक स्पर्धकास अभिप्रायाच्या दोन ओळी लिहून द्याव्या. नुसते गुण मांडण्यापेक्षां हें काम जड आहे. परीक्षक निवडतांना तें त्यांस आधींच सांगितलेलें बरें.