केरा तामारा : एका स्मरण-नोंदीचे परीक्षण

बल्गेरियाचा झार इवान अलेक्सांदर याची कन्या केरा तामारा हिचा उल्लेख इतिहासलेखनात बहुधा त्यागमूर्ती म्हणून येतो : राष्ट्र वाचविण्यासाठी उस्मानी सुलतान पहिला मुराद याला दिलेली राजकन्या. ही प्रतिमा मुख्यतः ज्या आधारावर उभी आहे, ती 'बोरिलचा सिनोदिक' या ग्रंथातील नोंद जेमतेम दोन वाक्यांची आहे. आणि ती या प्रतिमेहून पुष्कळच सावध आहे.

झार बोरिल याने १२११ साली तर्नोवो येथे बोगोमिल पंथाविरुद्ध धर्मसभा भरविली. तीतून हा ग्रंथ सिद्ध झाला. पाखंड्यांना शाप आणि धर्मनिष्ठ मृतांना चिरस्मरण, असे त्याचे दुहेरी कार्य. पुढे त्यात राजकुलातील नावांची भर पडत गेली. अशा ग्रंथात मुसलमान राजाकडे गेलेल्या स्त्रीचे नाव घालावयाचे, तर लेखकाला शब्द तोलूनच वापरणे भाग होते.

तेव्हाची राजकीय स्थिती लक्षात घेतली पाहिजे. तामाराची बहीण केरात्सा हिचा वाङ्‌निश्चय १३५५ साली बायझंटाईन सम्राटाच्या पुत्राशी झाला. तो तुल्यबळांमधील व्यवहार होता. १३५६ च्या सचित्र शुभवर्तमान-पोथीत (ती सध्या लंडनला आहे) तामारा प्रथम पती देस्पोत कॉन्स्टंटाईन याच्यासह दिसते. १३७१ साली पिता वारला. त्याच वर्षी मारित्सा नदीकाठी उस्मानी सैन्याने सर्ब सरदारांचा पराभव केला. तर्नोवोच्या गादीवरील तिचा भाऊ इवान शिशमान याला पुढे मुरादचे मांडलिकत्व पत्करावे लागले. तामाराचा विवाह या मांडलिकत्वाचा भाग होय; त्याला मैत्रीचा करार म्हणणे सौम्यपणाचे होईल.

आता नोंदीची भाषा पाहू. स्मरण 'तिला' अर्पण केलेले असल्याने तामारा आरंभापासून चतुर्थीत आहे. थोर अमीर अमुरात याच्याशी ती 'वाग्दत्त केली गेली', बल्गेरियन 'रोद'साठी. येथे कर्मणि धातुसाधित आहे. यापुढे मात्र सर्व धातुसाधिते कर्तरि : तेथे गेलेली, श्रद्धा राखलेली, आपल्या 'रोद'ला मुक्त केलेली, सदाचाराने जगलेली, शांतीने निमालेली. दिली जाणे हे दुसऱ्यांचे कृत्य. नंतरचे सारे तिचे. विवाहाचा, पत्नीपदाचा उच्चारही नाही. ही वगळणूक अनवधानाने झाली असे मानणे कठीण आहे. श्रद्धा राखल्याचा निर्वाळा मुक्तीच्या आधी येतो, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. शापाच्या ग्रंथात तिला स्थान मिळते ते त्या निर्वाळ्यामुळे.

खरी अडचण 'रोद' या शब्दाची आहे. त्याचा अर्थ कुल, वंश आणि लोक असा तिहेरी. आधुनिक अभ्यासक तेथे सरसकट 'राष्ट्र' वाचतात, आणि त्यागमूर्ती तयार होते. पहिल्या ठिकाणी 'बल्गेरियन' हे विशेषण असल्याने 'लोक' हा अर्थ सयुक्तिक ठरतो. दुसऱ्या ठिकाणी विशेषण केवळ 'आपला' एवढेच आहे. तेथे शिशमानचे राजकुलही अभिप्रेत असू शकेल. १३९३ मध्ये तर्नोवो पडले. तेव्हा ज्या मुक्तीचे स्मरण केले गेले ती काही वर्षांची सवलत होती; तिचा लाभ प्रथम कोणाला झाला, हे त्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे.