समेची वाट न पाहणारा ठेका

उमरेडकरांना डीजेची ओळख करून द्यायला नको. वरात दारावरून गेली की घरातली भांडीसुद्धा वाजायला लागतात. त्याच जातीच्या ठेक्यावर बांधलेल्या, पण बसून ऐकावी अशा एका तबकडीबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली मुंबईत त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग वाजवले. सुरावटीला ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि खर्जाला टीबी-३०३. एचएमव्हीने तबकडी काढली, ती काही चालली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलने ती पुन्हा काढली, आणि परदेशातल्या नाचाच्या संगीताचे शौकीन थक्क झाले. कारण शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ सालची. तिच्यातही हेच ३०३ यंत्र!

तेव्हापासून कौतुक एकच : शिकागोच्या आधी मुंबई. आम्हाला हे कौतुक अपुरं वाटतं. यात मुंबईचं मोल शिकागोच्या तराजूत होतं. आणि दोघांचं काम तरी एक कुठं आहे? शिकागोच्या पोरांनी ३०३ ची बटणं फिरवून आवाजच पिळला. नाद बदलत राहणं हाच तिथला विषय. सिंग यांना राग वाजवायचा होता. मग रागाच्याच कसोटीवर ऐकायला हवं ना?

आता बघा. आपल्या तालात सम असते, खाली असते. गाणारा दूर जातो, समेवर परततो, आणि आपली मान आपोआप डोलते. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके सारख्याच वजनाचे. तो कुणाची वाट पाहत नाही. भूपाली, मालकंस यांसारखे पाच स्वरांचे राग त्यावर झपाझप धावतात, मजा येते. मालकंसात तर खर्जातली तीच ती फिरणारी आकृती जवळजवळ तंबोऱ्याचं काम करते. ३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरू शकतं, त्यामुळे मींडेचा भासही होतो.

ललत मात्र अडतो. ललताचा जीव दोन मध्यमांत. शुद्धावरून तीव्रावर जाताना थोडं रेंगाळावं लागतं, आणि तेवढी सवड ठेका देत नाही. स्वर बरोबर लागतात, पण पहाट काही होत नाही. पहाटेचा ललत, संध्याकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस, तिघांनाही एकच घड्याळ!

म्हणून ही तबकडी फसली का? नाही. रागातलं काय यंत्राच्या काळात टिकतं आणि काय गळतं, हे ती दहा वेळा प्रत्यक्ष वाजवून दाखवते. चलन टिकतं, विसावा गळतो. हा तिचा स्वतःचा शोध आहे. त्यासाठी शिकागोच्या शिक्क्याची गरज नाही.

सिंग २०१५ साली मुंबईत वारले. आज टेक-हाऊसच्या नव्या तबकड्या रोज निघतात, काहींत सतार, काहींत आलाप पेरलेला असतो. तरुण मित्रांना आमचं सांगणं एवढंच : तो स्वर तिथे ठेक्याशी झगडतोय की नुसता शोभेला ठेवलाय, ते आधी ऐका. कौतुक मग करा.