खट् आणि खटखट

कॅलिफोर्नियात जॉन म्यूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर योसेमिटीच्या कड्यांवर भटकणारा, सिएरा क्लब काढणारा दाढीवाला येतो. आमच्याकडे हे नाव गॅरेजातल्या फळीवर असतं. हा म्यूर दुसरा. पेशाने इंजिनिअर, मग नोकरीबिकरी सोडून न्यू मेक्सिकोत फोक्सवॅगन दुरुस्त करत राहिलेला. १९६९ साली त्याने 'हाऊ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक काढलं. १९७७ साली तो गेला, पण आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. आमची प्रत गाडीबरोबर आली. १९७० ची कॅम्पर विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने किल्ल्यांबरोबर पुस्तकही हातात ठेवलं, एखाद्या घराण्यात मुलीबरोबर देव्हारा पाठवावा तसं.

मी ते बरीच वर्षं वापरलं. वाचलं मात्र गेल्या वर्षी, गाडीच्या मागून आवाज यायला लागला तेव्हा. वापरणं म्हणजे हवं ते पान उघडून, तेलकट बोटाने ओळ धरून, काम झालं की मिटून टाकणं. वाचणं म्हणजे हा माणूस असं का लिहितो, हे विचारणं.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण खरी गंमत उपशीर्षकात आहे. हे पुस्तक 'कम्प्लीट इडियट'साठी आहे, असं ते सांगतं, आणि त्यातल्या 'कम्प्लीट'चं स्पेलिंग मुद्दाम जुनं, सतराव्या शतकातलं ठेवलंय. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द याच वळणाने आहे. तिथे त्याचा अर्थ निष्णात, आपल्या कलेत मुरलेला. म्हणजे म्यूरचा वाचक नुसता ठार अडाणी नाही, तो मूर्खपणात पारंगत आहे. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. म्यूरला पहिल्या समासातला माणूस चालतो, किंबहुना तोच हवा असतो. 'मला काही येत नाही' म्हणणाऱ्याला तो हाताला धरून नेतो. दहाव्या समासातल्याचं काय करायचं, हे त्याच्याकडे नाही. मी त्या समासातला निघालो, ते पुढे येईलच.

आता रचना. कंपनीच्या छापील मॅन्युअलमध्ये प्रकरणं सुट्या भागांची असतात: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक. म्यूरची बरीच प्रकरणं तक्रारींची आहेत. गाडी चालू होत नाही. तांबडा दिवा लागला. गाडी थांबत नाही. थरथरते, हिसके देते. आजारी माणूस डॉक्टरकडे 'माझं स्वादुपिंड' घेऊन जात नाही, 'पोटात दुखतंय' म्हणूनच जातो, तसं. प्रत्येक कृतीच्या आरंभी अवस्था लिहिलेली, मग हत्यारांची यादी, मग चार शब्द शेरा, आणि मग पायऱ्या. हा साचा आपल्या पाककृतींच्या पुस्तकांचा आहे. फक्त पाककृतीचं पुस्तक असं धरून चालतं, की तुम्हाला भूक आहे. म्यूर धरून चालतो की तुम्हाला भीती वाटतेय. तो ती नाकारत नाही, तुमची थट्टा करतो, स्वतःची जास्त करतो, आणि तेवढ्यात तुमच्या हातात पाना आलेला असतो.

त्याचं वाक्य हाताच्या वेगाने चालतं. बोल्ट निघायला वेळ लागणार असेल तिथे तो रेंगाळतो, गप्पा मारतो. जिथे चूक महागात पडेल तिथे एकदम तुटक होतो. ही लय डेस्कपाशी बसून येत नाही, गाडीखाली पाठीवर पडूनच येते. पीटर अ‍ॅश्वान्डेनची चित्रंही त्याच जातीची. पट्टीने आखलेली एक रेघ नाही. सगळं मोकळ्या हाताने, कॉमिकसारखं, आणि तरी प्रत्येक वॉशर आपल्या जागी. फोडून हवेत लटकवलेल्या गाडीचं त्याचं चित्र तर पोस्टर होऊन घराघरांत लागलं. गणपतीची मिरवणूक गच्चीवरून पाहावी तसं ते पाहत बसावंसं वाटतं.

एका शब्दावर मात्र मी अडखळायचो. म्यूर कर्माबद्दल बोलतो. गाडीचं कर्म, चालकाचं कर्म. १९६९ सालच्या अमेरिकेत हा शब्द उदबत्तीच्या धुरासारखा सगळीकडे पसरलेला होता. आपल्याकडे तो कपाळावर हात मारून उच्चारतात: कर्म माझं! त्यामुळे ती पानं वाचताना मला हसू यायचं.

आणि पुस्तकातली खरी उणीव म्हणजे आवाज. कागदावर आवाज उतरवणं अवघड, आणि म्यूरचीही इथे पंचाईत होते. शिवाय ही गाडीच अशी, की आवाजाला 'मागून येतोय' म्हणण्यात काही अर्थ नसतो. इतर गाड्यांत मागून आवाज आला की निदान इंजिन तरी सुटतं. इथे हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियल त्याच्याच पोटात, सायलेन्सर मागे. पुढे आहेत ते फक्त चालकाचे गुडघे. त्यात ही कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. मसाल्याचा डबा, कुकर, कपाटाची दारं, ओट्याखालची शेगडी. पहिल्या शनिवारी मी ते सगळं अंगणात काढून ठेवलं. गाडी रिकामी घुमायला लागली, आवाज आणखी स्पष्ट झाला.

इंजिनिअरांच्या पद्धतीने पुढे गेलो. वेग घेतला, क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. घरघर कायम राहिली असती तर चाकाचं बेअरिंग. लांब वळण घेतलं, वजन एका बाजूला टाकलं. काही फरक नाही. लांब भिंतीच्या कडेने खिडकी उघडी टाकून गेलो, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. दोन जाणकारांना फोनवर वर्णन करून सांगितलं: मागून खटखट येते. दोघेही म्हणाले, सीव्ही जॉइंट. या गाडीला दोन शाफ्ट, चार जॉइंट, प्रत्येकाला सहा बोल्ट. चोवीस बोल्ट खोलले, चारी जॉइंट धुतले, नवं ग्रीस भरलं. कोपरापर्यंत काळा झालो. दोन शनिवार गेले. आवाज तिथेच.

तिसऱ्या शनिवारी बायको म्हणाली, "मी मागे बसते, तू चालव." मागच्या सीटवर पट्टा लावून, डोळे मिटून बसली. मी पार्किंगच्या मोकळ्या जागेत पुढे घेतली, रिव्हर्स टाकला, पुन्हा पुढे.

"अरे, खटखट कुठे करतीय? एकदाच होतं. खट्. तू क्लच सोडतोस ना, तेव्हा. मग गप्प."

"उजवीकडे?"

"उजवीकडे. पण पोटात नाही, बाहेरच्या अंगाला."

मी इंजिन बंद करून तसाच बसलो. माझ्या भाषेनेच सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मराठीत आवाज दुप्पट झाला की तो फिरणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीचा असतो: घरघर, खटखट, करकर, खुळखुळ. चाक फिरतंय तोवर तो येत राहतो. एकेरी, पाय मोडलेला शब्द मात्र एकदाच घडणाऱ्या गोष्टीचा: खट्, कट्, धप्. बेअरिंग घरघरतं. (माणसाला घरघर लागते तेही उगाच नाही.) झिजलेला सीव्ही जॉइंट वळताना कटकट करतो, आणि कटकट हा शब्द आपण ज्या माणसांसाठी वापरतो तीही फेऱ्याफेऱ्यानेच बोलतात. पण खट् म्हणजे कुठेतरी केसभर मोकळी जागा आहे, आणि जोर दिशा बदलतो तेव्हा दोन लोखंडं एकदाच एकमेकांवर येतात. वैतागाच्या भरात मी खट्चं खटखट केलं, आणि फोनवरच्या दोघा सज्जनांनी त्या चुकीच्या शब्दाला अगदी बरोबर उत्तर दिलं.

बाहेरच्या अंगाला, उजवीकडे, जोर बदलताना. तिथे ॲक्सलच्या टोकावर उभे दाते असतात, त्यांच्यावर ब्रेकचा ड्रम बसतो, आणि ४६ मिलिमीटरचा एक कॅसल नट त्याला आवळून धरतो. नटाच्या खाचांतून आणि ॲक्सलच्या भोकातून आरपार स्प्लिट पिन. टोपी काढून पाहिली. पिन जागच्या जागी, दोन्ही पाय नीट दुमडलेले. पाहणारा म्हणेल, उत्तम आहे. मी ॲक्सलच्या टोकापासून ड्रमच्या तोंडापर्यंत खडूने एक रेघ ओढली. गाडी गिअरमध्ये टाकली, मागचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी पुढेमागे हलवलं. खट्. खडूची रेघ तुटली. एका बाजूचा तुकडा दुसऱ्याच्या केसभर पुढे.

नट काढायला दांड्यावर लांब पाइप चढवून अंगाचा भार टाकायला लागेल, अशी तयारी होती. तो फारच सहज सुटला. ड्रम ओढून काढला तर दातांच्या खोबणीतून लालसर भुकटी सांडली, कुंकवाच्या करंड्यातून सांडावी तशी. हे गंजाचं पीठ. दोन लोखंडं वर्षानुवर्षं एकमेकांवर सूतभर घासत राहिली की ते तयार होतं. ॲक्सलचे दाते बचावले होते. ड्रमचे दाते झिजून मऊ झाले होते, बोट फिरवलं तरी कळावं इतके. आणखी काही महिने तसंच चाललो असतो तर ते पार सोलून निघाले असते, आणि भर रस्त्यात इंजिन फिरत राहिलं असतं, गाडी मात्र जागेवर.

जुन्या भागांच्या दुकानातून चांगला ड्रम मिळवला. बसवताना नट किती आवळायचा तर अडीचशे फूट-पौंडाच्या आसपास. तेवढा मोजणारा पाना माझ्याकडे नव्हता. पण मी ७२ किलोचा, म्हणजे साधारण १६० पौंड. नटाच्या मध्यापासून १९ इंचांवर पाइपला खडूची खूण केली, दांडा आडवा ठेवला आणि खुणेवर अलगद उभा राहिलो. म्यूर असता तर खूश झाला असता. त्याच्या सगळ्या पुस्तकात हीच वृत्ती आहे: उपकरण नसेल तर स्वतःचं शरीर आहे, आणि त्याला वजन आहे.

एवढं आवळल्यावर खाच आणि भोक समोरासमोर आले नाहीत. कधीच येत नाहीत. अशा वेळी नट आणखी पुढे फिरवायचा, पुढची खाच येईपर्यंत. मागे कधीच घ्यायचा नाही, कारण सूतभर मागे घेतलेला नट पिन घालूनही ढिलाच राहतो, आणि वर पिनेमुळे पक्का दिसतो. मी पाइपवर पुन्हा भार टाकला, पुढची खाच आणली. पिन गेली.

हा पराक्रम मागच्या वेळी केला कोणी? मी ब्रेकचं प्रकरण उघडलं. १९७० च्या या गाडीत ब्रेकशूपर्यंत जायचं तर हा नट सोडावाच लागतो, तेव्हा जे कोणी शेवटचं ब्रेकला हात लावून गेलं, तोच गुन्हेगार. गाडी मी घेतल्यापासून ब्रेकचं काम एकदाच झालं होतं. घरीच.

पानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला होता, माझाच. समासात पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली लिहिलं होतं: 'उजवं. भोक जुळेना, थोडा मागे घेतला. पिन बसली!'

कर्म, म्यूरच्या अर्थाने की आपल्या, ते तिथे उकिडवं बसून मला ठरवता येईना. त्याखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'नट पुढे. मागे नाही.' बायको खांद्यावरून वाचत होती. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, उलटी केली, आणि जुन्या ओळीतलं उद्गारचिन्ह तेवढं खोडून टाकलं.