डोळस पाणबुडी आणि गढूळ पाणी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाणबुडी नाही, असे वर्ष आम्हांला आठवत नाही. पूर्वी ती प्लॅस्टिकच्या बाटलीची असे; सलाइनच्या नळीने हवा फुंकली की वर यायची. आता तिच्यात छोटा कॅमेरा असतो, दोन-तीन मोटारी असतात. ती काचेच्या टाकीत फिरते आणि शेजारच्या पडद्यावर टाकीचा तळ दिसतो. भोर आणि वेल्हे भागांतली अशी प्रदर्शने आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत, कधी परीक्षक म्हणूनही बसलो आहोत. पुढे जी टीका आहे ती मुलांवर नाही. ती परीक्षकांवर आहे, म्हणजे आमच्यावरही आहे.

परीक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? वर्तमानपत्रांचेही तेच. पाण्याखालच्या यानाची बातमी म्हणजे त्याने काढलेली छायाचित्रे. विज्ञानलेखकही, आम्ही धरून, ‘समुद्रतळाचे दर्शन’ याच शब्दांत रमतात. त्यामुळे पाण्याखालचे यान म्हणजे पाण्यात बुडवलेला डोळा, असा समज घट्ट होत जातो.

आता या मुलांच्या गावाजवळचेच पाणी पाहू. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याची उंची सुमारे ५८ मीटर. आषाढात डोंगरउतारावरची माती घेऊन येणारे पाणी तांबडे असते. अशा पाण्यात दिवा लावला, तर वरंध घाटातल्या धुक्यात मोटारीचा मोठा दिवा लावल्यावर जे होते तेच होते : उजेड कणांवरून उलटून डोळ्यांत येतो आणि दिसते फक्त धुके. शिवाय तळ काही सपाट नाही. जुने व्हायटिंग धरण पाण्याखाली आहे, कांबरे येथील शिवमंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे, दगडी बांध तर असणारच. भर पावसाळ्यात या जलाशयात उतरणाऱ्या यानाला डोळ्याचा उपयोग थोडाच. दूरचे ओळखायला ध्वनिलहरी चालतात. पण भिंतीला भिडल्यावर, शेवटच्या हातभर अंतरात, स्पर्शच कामाला येतो. मिशा असलेला शिंगाळा मासा गढूळ पाण्यात मिशांनीच तळ चाचपतो, हे मुलांना आपण सांगावे लागत नाही.

पाण्याखाली जाऊन पाहायचे तरी कशासाठी? वेल्ह्यातल्या पानशेतचा इतिहास प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते अपुरे धरण फुटले, खडकवासलाही फुटले आणि पुणे बुडाले. पण बिघाड पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीपाशी होता, हे थोड्यांना माहीत असते. मोरीच्या दरवाजांचे काम पुरे झालेले नव्हते. आतला प्रवाह अस्थिर होता, त्याचे हादरे बसत राहिले आणि मातीचा बांध खचत गेला. एखादे यान त्या दिवशी धरण वाचवू शकले असते, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र धरणाचे दुखणे बहुधा न दिसणाऱ्या जागी असते, एवढे त्यावरून कळते.

त्या जागी आजही बरेचदा माणूस उतरतो. जाळीत अडकलेला कचरा काढायला, दरवाजाची फट पाहायला पाणबुडा खाली जातो. इथले गणित आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठाच्या पलीकडचे नाही. समजा ३० मीटर खोलीवर ३० सेंटिमीटर लांब-रुंद तोंड आहे आणि पलीकडची बाजू रिकामी आहे. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो, क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या तोंडावर टेकलेल्या वस्तूला २७०० किलो वजनाइतका रेटा. आणि फसवी गोष्ट अशी की, थोडे दूर असताना ही ओढ जवळजवळ जाणवतच नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. माणसाऐवजी यान पाठवायचे ते यासाठी, सुंदर चित्रांसाठी नव्हे.

अशा यानाला दोन गोष्टी हव्यात. पाणी जोखण्याची इंद्रिये आणि अंगावर चिलखत. प्रदर्शनातल्या प्रतिकृतींत नेमक्या याच दोन गोष्टी आम्हांला सापडत नाहीत.

इंद्रियांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ साली स्वतःच्या बळावर चालणारा पाणतीर तयार केला. त्यात कॅमेरा सोडाच, वीजही नव्हती. खोली कळण्यासाठी स्प्रिंगने तोललेला, पाण्याच्या दाबाने आत सरकणारा पडदा होता आणि तो सुकाणू हलवत असे. पण नुसत्या दाबावर सोडलेला पाणतीर ठरलेल्या खोलीच्या वर-खाली झोके घेत जाई. नुसते कडेचे अंतर पाहून गाडी हाकणारा चालक घाटात अशीच नागमोडी नेईल. गाडीचे तोंड कुठे वळले आहे तेही पाहावे लागते. व्हाइटहेडने १८६८ साली पडद्याच्या जोडीला लोलक दिला. पडदा खोली सांगे, लोलक नाकाचा कल सांगे, आणि दोघे मिळून सुकाणू धरत. हे यंत्र संहारासाठी होते हे खरे. तरीही ‘मोजा, चूक ओळखा, दुरुस्त करा’ हे तत्त्व शिकवायला याहून सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आपल्याकडेही हे नवे नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी तरंडाने ओळखत आणि स्वतःच उघडत. भाटघरच्या ८१ दरवाजांपैकी ४५ असेच आपोआप उघडणारे आहेत. भोरच्या मुलांच्या सहली तिथे जातात, फेसाळते पाणी पाहून परत येतात. दरवाजाला कसे कळले, हा प्रश्न सहलीत कोणी विचारलेला आम्ही अजून ऐकला नाही.

चिलखताची गोष्ट आणखी दुर्लक्षित. सगळ्या प्रतिकृतींत मोटार एम-सीलने बंद केलेली असते. वीतभर पाण्यात ते चालते, विहिरीत नाही. खरी याने दाबाशी दोन रीतींनी वागतात. पहिली रीत झुंजीची : जाड, गोल कवच. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मत्स्य ६०००’ या यानात माणसांसाठीचा गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असून ८० मिलिमीटर जाड आहे, कारण ६००० मीटरवर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ६०० पट असतो. दुसरी रीत समजुतीची, आणि आम्हांला तीच अधिक हुशारीची वाटते : मोटारीची पेटी तेलाने भरायची आणि एका बाजूला मऊ रबरी पडदा ठेवायचा. बाहेरचा दाब पडद्यातून तेलात उतरतो, आत-बाहेर सारखाच होतो. मग पत्रा पातळ असला तरी चालतो. झाकणाच्या खाचेतली गोल रबरी कडी तर कुकरच्या रिंगची धाकटी बहीणच, दाब वाढेल तशी अधिक घट्ट बसणारी. पंख्याभोवतीचे कडे दोरी आणि फांद्या थोपवते. पुढचा रबरी धक्कारोधक भिंतीचा मार खातो. या वस्तूंची छायाचित्रे कोणी छापत नाही.

इंद्रिय बसवले म्हणजे काम झाले असेही नाही. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ हे यान टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना चिरडले गेले आणि आतले पाचही जण गेले. त्याच्या कार्बन-तंतूंच्या कवचाला ताण आणि आवाज टिपणारे संवेदक लावलेले होते. जुलै २०२२ मधल्या एका बुडीनंतर वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यापुढच्या ताणाच्या नोंदी बदललेल्या दिसत होत्या. नोंदी होत्या, पण त्यांचा अर्थ लावून कवच बाद केले गेले नाही. प्रयोगवहीत आकडे लिहून निष्कर्ष मात्र पुस्तकातून उतरवण्याची सवय आपल्या प्रयोगशाळांतही आहे. तिचे मोल तिथे पाच माणसांनी दिले.

शाळेत यातले काय करता येईल? बरेच. इंजेक्शनच्या नळीच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून, त्यावर झाडूच्या काडीचा काटा टेकवला की खोलीमापक होतो. कठड्याच्या विहिरीत, शिक्षक सोबत असताना, दोरीला दगड बांधून दोन पातळ बाटल्या सोडाव्यात, एक हवेची, एक गोडेतेलाची. दहा मीटरवर हवेचे आकारमान जवळजवळ निम्मे होते. बाटल्या वर काढल्यावर कोणती चेपली हे मुलांनीच सांगावे. जलाशयात मात्र हे प्रयोग करू नयेत. आणि एक गंमत : भाटघरचे पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी. हवेसकट सगळा दाब मोजणाऱ्या यानाची शून्यखूण मुंबईत लावून आणली, तर खोलीत जवळपास पाऊण मीटरची चूक येईल. नववीच्या वर्गाला हे उदाहरण द्यावे.

काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या एका मुलीने बिनकॅमेऱ्याचे यान आणले होते. पुढे सायकलच्या ट्यूबचा धक्कारोधक, दोन्ही बाजूंना झाडूच्या काड्या, काडी वाकली की घंटी. तिने टाकी मागितली नाही. मातीच्या पाण्याने भरलेली बादली मागितली. आम्ही तीन परीक्षक होतो. ‘यान अपूर्ण आहे, आत काय चालले ते दिसत नाही’ असा शेरा आम्ही मारला आणि बक्षीस शेजारच्या कॅमेऱ्याला दिले. तो शेरा आमच्याच अक्षरात आहे.